पियानोच्या पट्ट्या, पेटीच्या पट्ट्या

गोव्याच्या संगीताबद्दल बोलताना आपण सहसा दोन वेगळे कप्पे करतो. एका कप्प्यात तिसवाडी, बार्देश, सासष्टी. तिथे चर्चच्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले गेले, सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यात पियानो आला. १९५२ साली आंतोनियो द फिगेरेदो यांच्या पुढाकाराने पणजीत संगीताची अकादमीही निघाली. दुसऱ्या कप्प्यात पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा अशा नव्या काबिजादी.

डिचोली पोर्तुगिजांकडे गेली ती १७८१-८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता. त्यामुळे इथली देवळे टिकली. देवळांबरोबर उत्सव, भजन, दशावतार आणि पुढे संगीत नाटकही टिकले. पियानो या भागात फारसा आलाच नाही. पण पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मात्र आल्या, पेटीच्या रूपाने.

पेटीसुद्धा मूळची युरोपचीच. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबेनने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून पायाने भाता हलवत वाजवायचे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी घडवली, आणि बघता बघता ती देशभर पसरली. आज आपला गवई 'काळी एक' किंवा 'पांढरी चार' असा स्वर सांगतो. ती भाषा या पट्ट्यांचीच.

पट्ट्या त्याच असल्या तरी मान मात्र तोच मिळाला नाही. पियानोवादक मैफलीत मंचाच्या मध्यभागी बसतो आणि लोक त्यालाच ऐकायला तिकीट काढतात. पेटीवाला बाजूला बसतो आणि गवयाच्या मागून जातो. गोविंदराव टेंबे यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. मधुकर पेडणेकर, म्हणजे ध्वनिमुद्रिकांवरचे पी. मधुकर, यांनी ती वाट रुंद केली. त्यांच्या आडनावात तर आपले पेडणेच आहे. त्यांचे शिष्य म्हणजे पं. तुळशीदास बोरकर.

बोरकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १९३४ चा, फोंड्याजवळच्या बोरी गावचा. बाकीबाबांची बोरी ती हीच. पहिले धडे आईकडून मिळाले. पुढे छोटा गंधर्वांचा सहवास आणि पेडणेकरांची तालीम लाभली.

तो काळ पेटीला अनुकूल नव्हता. पेटीत मींड निघत नाही आणि ठरीव बारा स्वरांत आपल्या श्रुती बसत नाहीत, असा आक्षेप होता. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी नको होती. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. १९७१ च्या सुमारास ती सैल होऊ लागली, तीही आधी साथीपुरती. म्हणजे बोरकर पाच वर्षांचे असताना लागलेली बंदी ते छत्तिशीत आले तेव्हा कुठे ढिली झाली. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी अशा वाद्याला दिली ज्याला सरकारी रेडिओवर दार बंद होते. बंदी फक्त रेडिओपुरती होती, त्यामुळे आपल्या देवळांत आणि नाटकांत पेटी सुखाने वाजत होती, ही त्यातली गंमत.

आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पियानोची पट्टी दाबली की स्वर उमटतो आणि लगेच विरू लागतो. पेटीचा स्वर भाता चालू आहे तोवर टिकतो, पण दोन स्वरांच्या मधली जागा दोघांनाही घेता येत नाही. शिवाय पियानोवाल्याला दोन्ही हात मोकळे, पेटीवाल्याचा एक हात भात्यावर अडकलेला. मग गायकी येणार कुठून? या परंपरेचे उत्तर असे, की भाता हाच पेटीचा दमसास. तो कधी भरायचा, कधी हलका सोडायचा, कणस्वर किती ओझरता लावायचा, हे जमले की कानाला मींडेचा भास होतो.

ही गोष्ट पुस्तकातून शिकता येत नाही, समोर बसूनच घ्यावी लागते. बोरकरांनी मुंबईत अनेक वर्षे ती शिकवली. सुधीर नायक, सीमा शिरोडकर यांच्यासारखे वादक त्यांच्या हाताखाली तयार झाले. एका गुरूचे हे देणे मला त्यांच्या मैफलींइतकेच मोठे वाटते. २००५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये पद्मश्री. २९ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले.

पियानोवादकाची कारकीर्द म्हटली की मैफल, पदव्या, शिष्य यांची नोंद होते, ती व्हायलाच हवी. तशीच नोंद पेटीवाल्यांचीही व्हावी. पेडण्या-डिचोलीत गावोगावी पेटीमास्तर होऊन गेले. भजनात पोरांना सूर देणारे, नाटकाच्या तालमीत रात्र रात्र बसणारे. उत्सवाच्या हँडबिलावर त्यांचे नाव आले तर शेवटच्या ओळीत. बोरकरांना पद्मश्री मिळाली म्हणून आपण त्यांना ओळखतो. बाकीच्यांची नावे ज्यांना आठवतात ती माणसे आता म्हातारी झाली आहेत. आपापल्या गावच्या पेटीमास्तराचे नाव, त्याचा गुरू कोण, त्याने कोणाला शिकवले, एवढे तरी त्यांना विचारून लिहून ठेवायला हवे.