गिटार उत्पादकांना जुन्याच गिटारींची स्पर्धा

इलेक्ट्रिक गिटारचा विषय निघाला की अमेरिकेतील गिब्सन आणि फेंडर ही नावे ओघाने येतात. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या गिब्सनने १ मे २०१८ रोजी दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, तेव्हा घटत्या मागणीची मोठी चर्चा झाली. वस्तुतः कंपनीला मुख्यतः भोवले ते ध्वनिसाधनांच्या व्यवसायाचे कर्ज. २०१४ मध्ये तिने फिलिप्सचा असा एक विभाग साडेतेरा कोटी डॉलरना घेतला होता.

तरीही उद्योगापुढील पेच खराच आहे, आणि तो वस्तूच्या स्वभावातच दडला आहे. चांगली गिटार सहसा टाकाऊ होत नाही. तारा बदलायच्याच असतात, झिजलेले फ्रेटही बदलता येतात. लाकूड जुने झाल्यावर नाद खुलतो, अशी अनेक वादकांची श्रद्धा आहे (तीत भावनेचा वाटा किती, हा निराळा प्रश्न). साहजिकच कारखान्याची स्पर्धा स्वतःच्याच जुन्या मालाशी होते. गिब्सनची ‘लेस पॉल’ हे याचे बोलके उदाहरण. खप नसल्याने मूळ घडणीची ही गिटार १९६१ च्या सुमारास बंद झाली. पुढे एरिक क्लॅप्टनसारख्या वादकांनी जुनी वाद्ये हाती घेताच मागणी वाढली आणि १९६८ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू करावे लागले. १९५८ ते १९६० मधील ‘सनबर्स्ट’ नगांना आता लाखाहून अधिक डॉलर मोजले जातात. तो पैसा बहुतांशी विक्रेते आणि संग्राहक यांच्यातच फिरतो.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘रिव्हर्ब’ या संकेतस्थळाने जुन्या वाद्यांचा बाजार घरबसल्या खुला केला. २०२० च्या टाळेबंदीत फेंडरची विक्री विक्रमी झाली खरी. पण हौस ओसरली की अशी वाद्येही त्याच बाजारात येतात. फेंडरने २०१७ मध्येच ‘फेंडर प्ले’ ही ऑनलाइन शिकवणी काढली होती. नवशिका टिकला तर दुसरी गिटार घेईल, हा त्यामागचा हिशेब.