परळीवरून गेलेली मध्यरेषा

परळी वैजनाथाच्या माहितीत एक वाक्य हमखास येतं: कन्याकुमारी ते उज्जैन रेषा ओढली, तर परळी तिच्यावर येते. भाविक ते ऐकतात आणि दर्शनाच्या रांगेला लागतात. या वाक्याची कुळी मात्र बाराव्या शतकात शोधावी लागते.

भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहल’ या इ.स. ११८३च्या करणग्रंथात, म्हणजे ग्रहगणिताच्या पुस्तकात, भूमीच्या मध्यरेषेवरची ठिकाणं दिली आहेत. लंकेपासून निघालेली ती रेषा देवकन्या, कांची, पर्यली, वत्सगुल्म, उज्जयिनी, कुरुक्षेत्र असं करत मेरूला, म्हणजे उत्तर ध्रुवाला भिडते. वत्सगुल्म म्हणजे वाशीम. दक्षिणेकडून येताना त्याच्या अलीकडचा मुक्काम पर्यली. मग तो बीड जिल्ह्यातल्या परळीखेरीज कुठला असणार? नुसत्या नावावर गेलं तर सज्जनगडाखालची परळीही हक्क सांगेल, पण ती वाशीमच्या तीन अंशांहून जास्त पश्चिमेला पडते. देवकन्या म्हणजे कन्याकुमारी धरली, की भाविकांच्या तोंडचं वाक्य याच यादीतून झिरपत आलेलं दिसतं.

आक्षेप अर्थात आहे. उज्जैनचा रेखांश ७५°४६′, परळीचा सुमारे ७६°३२′, वाशीमचा ७७°च्या पुढे आणि कांची तर जवळपास ८० अंशांवर. मग ही रेषा सरळ कशी?

त्या काळी रेखांश काढायचा तो ग्रहणावरून. चंद्रग्रहणाचा स्पर्श, म्हणजे सुरुवात, सगळीकडे एकाच क्षणी होतो. दोन गावांच्या स्थानिक वेळांतला फरक म्हणजे देशांतर. वेळ मोजायची घटिकापात्रानं: तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती बुडली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. उज्जैन आणि परळी यांच्यात फरक तीनच मिनिटांचा, वाटी भरण्याच्या आठव्या हिश्श्याएवढा. एवढ्यावरून परळीला रेषेबाहेर काढणं अन्यायाचं होईल. कांचीची चूक मोठी आहे, ती मान्यच.

उज्जैनच्या नेमक्या रेखांशावर आहे ते बीड शहर. भास्कराचार्यांचं गाव विज्जलवीड म्हणजे बीड, असंही काही जण मानतात. पण चाळीसगावजवळच्या पाटणचा, त्यांच्या नातवाचा शिलालेख खानदेशाच्या बाजूनं बोलतो. तो दावा सोडावा. परळीचा सोडू नये.

बीडहून ही उज्जैनची रेखांशरेषा उत्तरेला जयपूर, पुढे सायबेरिया ओलांडून आर्क्टिकमध्ये शिरते. दक्षिणेला ती कोझिकोडजवळ किनारा सोडते. विषुववृत्तावर, लंका मानली त्या जागी, पाणीच आहे. पुढची जमीन थेट अंटार्क्टिकाची. तिथल्या लार्समन टेकड्यांवरचं भारताचं ‘भारती’ केंद्र ७६°११′वर, उज्जैन आणि परळी यांच्या रेखांशांच्या मधोमध आहे.