मिरवणारा जादूगार : तोफेपासून नटापर्यंत

आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी 'मिरवणारा जादूगार' असं सांगितलं, आणि पलीकडे जरा शांतता पसरली. त्यांना बहुधा मायावादावर काहीतरी अपेक्षित होतं. तेही येईल, काळजी नको. पण सुरुवात माझ्या नातीपासून करतो.

ती सुट्टीत आली की तिची चार मित्रमंडळी आमच्या जेवणाच्या टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. तुमच्यातल्या ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एकजण सूत्रधार, त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, ते काय करतं ते तोंडाने सांगतात आणि फासे टाकतात. एका दुपारी नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण बसा ना. जादूगार घ्या, तुम्हाला शोभेल." त्या दिवशी ती मुलं मुद्दाम सर्वात जुन्या, 1974 च्या नियमांनी खेळत होती. मी ऐटबाज जादूगार तयार केला. लांब झगा, भारदस्त नाव. त्या नियमांत पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळतो. मी झोप आणणारा मंत्र सोडून उजेडाचा घेतला, आणि गावातल्या खानावळीत शिरताना तो वापरून टाकला. सगळीकडे लख्ख प्रकाश! मुलं हसली, मी खूश.

पुढे गुहेत चार गॉब्लिन अंगावर आले. माझ्याकडे काहीच नव्हतं. नातीच्या मित्राचा योद्धा पुढे उभा राहिला आणि मेला. तो मुलगा काही बोलला नाही, नुसता फासा हातात फिरवत बसला. झोपेचा मंत्र असता तर ते चौघेही आडवे झाले असते, हे टेबलावर सगळ्यांना माहीत होतं.

मला वाईट वाटलं, आणि कुतूहलही वाटलं. एखाद्या खेळाचे नियम मिरवण्याला इतकी शिक्षा का देतात? म्हणून मी त्याचा इतिहास वाचायला घेतला.

तर बघा, या जादूगाराचा जन्म रणांगणावर झाला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं छोटं गाव आहे. तिथले गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी जेफ पेरेन यांनी 1971 मध्ये 'चेनमेल' हे नियमांचं पुस्तक काढलं. छोट्या शिपायांच्या बाहुल्या मांडून मध्ययुगीन लढाया खेळायच्या, असा तो प्रकार. पुस्तकाच्या शेवटी अद्भुतरम्य लढायांसाठी एक पुरवणी जोडली, आणि तिच्यात जादूगार आला. त्याचा अग्निगोल दगड फेकणाऱ्या मोठ्या यंत्राच्या हिशेबाने मोजायचा आणि वीज मैदानी तोफेच्या हिशेबाने. म्हणजे आपला जादूगार मुळात झगा घातलेली तोफ होता. तोफ काही मिरवत नाही. तिने योग्य वेळी उडावं, एवढीच अपेक्षा.

त्याच सुमारास शेजारच्या मिनेसोटात डेव्ह आर्नेसन 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ चालवत होते. त्यात एका खेळाडूकडे सैन्याऐवजी एकच माणूस असायचा, आणि तो माणूस एका खेळातून पुढच्या खेळात जिवंत राहायचा, अनुभवाने वाढायचा. 1972 मध्ये हा प्रकार गायगॅक्सनी पाहिला. दोघांच्या कामातून जानेवारी 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, पहिली छपाई एक हजार प्रतींची.

आता तोफेचा माणूस झाला, पण दारूगोळ्याचा हिशेब तसाच राहिला. त्यासाठी गायगॅक्सनी जॅक व्हान्स या लेखकाची कल्पना उचलली. व्हान्सच्या 1950 च्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकात जादूगार मंत्र मोठ्या कष्टाने डोक्यात साठवतो, आणि एकदा उच्चारला की तो स्मृतीतून पुसला जातो. खेळाच्या दृष्टीने ही सोय उत्तम. पण मिरवणाऱ्याच्या दृष्टीने पाहा. ज्याच्याकडे दिवसाला एकच मंत्र आहे, त्याने तो टाळ्यांसाठी वापरला तर तो मूर्ख ठरतो. माझं तेच झालं होतं. व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाला, म्हणजे 'करिष्मा'ला, 1974 मध्येही एक आकडा होता. पण तो मुख्यतः किती चाकर मिळतील आणि ते किती इमानी राहतील हे ठरवायला. जादूशी त्याचा संबंध नव्हता. जादू बुद्धीवर चालायची. (आम्हा प्राध्यापकांना हे फार आवडतं.)

तरीही माणसाची मिरवण्याची हौस कुठूनतरी वर येतेच. 1978 च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये काही मंत्रांना जादूगारांची नावं आहेत. मॉर्डेनकायनेन हे गायगॅक्स यांचं स्वतःचं पात्र. टेन्सर हे त्यांच्या मुलाचं, अर्नेस्टचं. त्याच्या नावातलीच अक्षरं फिरवून ते केलेलं. ड्रॉमिज म्हणजे जिम वॉर्ड हे नाव उलटं वाचलेलं. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात ना, अगदी तसं!

खरी फट मात्र आधीच पडली होती. 1975 च्या अखेरीस 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकात पीटर आरन्सन यांनी 'इल्युजनिस्ट', म्हणजे भ्रम निर्माण करणारा जादूगार, मांडला. 1978 च्या पुस्तकात तो आला तेव्हा रंगांच्या फवाऱ्यांचे मंत्र त्याच्या वाट्याला आले होते. आता गंमत ऐका. त्याने उभी केलेली खोटी आग समोरच्याला खरी वाटली, तर समोरचा त्या आगीने जखमी होऊ शकतो. संशय घेऊन तो वाचला तर वाचला. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्य नेमका हाच मुद्दा काढतात. विष अंगात गेलंच नाही, पण गेल्याच्या नुसत्या शंकेने माणूस मरतो. मिथ्या गोष्टीचा परिणाम मिथ्याच असतो असं नाही. विस्कॉन्सिनच्या मंडळींनी भाष्य वाचलं असेल असं मी म्हणत नाही. प्रश्नच असा आहे की भ्रमाचा विचार करणारा कुठलाही माणूस तिथे पोचतो.

पुढचा प्रवास भरभर सांगतो. 1985 मध्ये गायगॅक्सनी 'अनअर्थ्ड आर्काना'त 'कॅन्ट्रिप' आणले, म्हणजे चिमुकल्या, करमणुकीच्या जादू. पण त्यांनाही किंमत होती. एका खऱ्या मंत्राची जागा सोडायची, तेव्हा असल्या चार मिळायच्या. 2000 साली तिसऱ्या आवृत्तीत 'सॉर्सरर' आला. हा पोथी न वाचणारा जादूगार, आणि त्याची जादू चालायची करिष्म्यावर. गाणारा 'बार्ड'ही करिष्म्यावरच. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने काही मंत्र कितीही वेळा वापरायची मुभा दिली आणि 2014 च्या पाचवीने कॅन्ट्रिप पूर्ण फुकट केले. त्यातला एक आहे 'प्रेस्टिडिजिटेशन'. हा शब्दच हातचलाखीचा. ठिणग्या उडवा, मेणबत्ती विझवा, हवेत बारीक सूर काढा, अन्नाची चव बदला, दिवसभर करत बसा. जी चूक करून मी एका पोराचा योद्धा मारला, तिला आता काही मोलच पडत नाही.

पण म्हणून प्रश्न संपतो का? माझ्या मते नाही. मिरवण्याची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न नियमपुस्तकाबाहेरही उभा राहतो. महाराष्ट्रात आपल्याला हे वेगळं सांगायला नको. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवायचे आणि मग तो कसा केला तेही सांगायचे. बाबाही तीच हातचलाखी करतो, पण सांगत नाही, आणि पैसे घेतो. 2013 मध्ये पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, त्यावर पैसा कमावणं हा गुन्हा ठरवला. रंगमंचावरच्या जादूगाराला त्यात धक्का नाही, कारण त्याच्याशी आपला करार उघड असतो. टेबलावरच्या खेळातही तो उघड असतो.

मग टेबलावर काय बिघडतं? तिथे फसवणूक नसते, पण दुसऱ्याच्या वाट्याचा वेळ आणि दुसऱ्याचा जीव आपल्या टाळ्यांसाठी खर्च होऊ शकतो. आणि खरं सांगू का, मला तो मुलगा ओळखीचा वाटला. मी वर्गात चांगला बोलत असे. मुलं हसायची, बाहेरची येऊन दाराशी उभी राहायची. मागच्या बाकावर एक मुलगा होता, खेड्यातून आलेला, तासानंतर वही घेऊन थांबायचा. मी रंगात यायचो, तास लांबायचा, त्याची एसटी असायची. वर्षअखेर तो तत्त्वज्ञान सोडून गेला. कारण मी विचारलं नाही.

तेव्हा तुमच्या नातवंडांनी असा जादूगार करायचा म्हटला तर त्यांना अडवू नका. पाचव्या आवृत्तीत सॉर्सरर घ्यायला सांगा. पहिल्याच पातळीला त्याला चार कॅन्ट्रिप मिळतात. तीन खुशाल मिरवण्याला द्या, नाचरे दिवे, छोटा भ्रम आणि ती हातचलाखी. चौथं लढाईला ठेवा. आणि खरे मंत्र दोनच मिळतात, त्यातला एक झोपेचा घ्या. तो खानावळीत वापरायचा नाही. दुसऱ्याचा योद्धा पुढे उभा राहील तेव्हासाठी तो राखायचा.

शेवटी मायावाद, कबूल केल्याप्रमाणे. मांडूक्यकारिकेच्या भाष्यात एक मायावी आहे. तो आकाशात दोरा फेकतो, हत्यारं घेऊन वर चढतो, दिसेनासा होतो, लढतो, तुकडे होऊन पडतो आणि पुन्हा उठतो. पण खरा मायावी वर गेलेलाच नसतो. तो जमिनीवरच उभा असतो, कुणाला न दिसता. वर चढणारं ते आपलं पात्र. त्याला हवं तेवढं मिरवू दे. खाली उभा आहे त्याने मात्र शेजारी कोण बसलंय इकडे लक्ष ठेवावं.

पुढच्या सुट्टीत मी पुन्हा बसलो. तो मुलगा नवा योद्धा घेऊन आला होता. मी काय मंत्र घेतलाय ते त्याने आधी विचारून घेतलं, आणि मग माझ्या शेजारी बसला.