गुन्हेगार आणि गुन्ह्याची जागा

चोरी झाली की चोर शोधावा, हा न्याय आम्हां सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु त्याच कोपऱ्यावर वर्षातून वीसदा चोरी होत असेल, तर दोष एकट्या चोराचा मानावा की कोपऱ्याचाही? अमेरिकेतील पोलिसांना हा प्रश्न कसा पडला, ते थोडक्यात पाहू.

पोलिसांची गाडी रस्त्यांवरून फिरत राहिली म्हणजे गुन्हेगारांस जरब बसते, अशी समजूत होती. १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटीच्या १५ विभागांत तिची परीक्षा झाली. पाच विभागांत तक्रारीवाचून जायचे नाही असे ठरले, पाचांत गस्त दुपटीतिपटीने वाढविली, उरलेल्या पाचांत पूर्वीप्रमाणे ठेवली. गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. नागरिकांना तर बदलाची जाणीवही झाली नाही!

१९७९ साली हर्मन गोल्डस्टीन या विस्कॉन्सिनच्या प्राध्यापकांनी मर्मावर बोट ठेवले. इंग्लंडमधील एका बसची हकीकत त्यांनी दिली. रांगेतील उतारू तसेच टाकून बस पुढे जाई; खुलासा असा की, थांबत बसल्यास वेळापत्रक पाळता येत नाही! पोलीसही साधनापायी साध्य विसरले आहेत. एकेक तक्रार निकालात काढण्याऐवजी तिच्यामागची अडचण शोधा, असा त्यांचा आग्रह. १९८९ मध्ये मिनिआपोलिसच्या अभ्यासाने त्याला बळ आले. निम्म्या तक्रारी अवघ्या ३ टक्के पत्त्यांवरून येत होत्या.

पुढे मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल या जुन्या गिरणगावात ३४ उपद्रवी जागांच्या १७ जोड्या लावल्या. जोडीतील एका जागी नवे उपाय, दुसरीत नेहमीचा बंदोबस्त. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. उपायांच्या जागी तक्रारी सुमारे २० टक्क्यांनी घटल्या, आणि उपद्रव शेजारच्या गल्लीत सरकल्याचे आढळले नाही. अधिक गुण आला तो मात्र धरपकडीने नव्हे. पडक्या इमारती पाडणे, मोकळ्या जागा साफ करणे, रस्त्यावर दिवे लावणे, असल्या साध्या कामांनी.

आमच्या मते सारे महत्त्व येथेच आहे. किरकोळ कारणांसाठी धरपकड सुरू झाली की तिची झळ गरीब वस्तीला आधी लागते. दिवा लावल्याने कोणाच्या मुलास कोठडी घडत नाही. पोलिसांचा दरारा हवा, हे खरे. पण ज्या वस्तीचा विश्वास गमावला, तिची अडचण त्यांना सांगणार कोण?