तारुण्यपिटिकेचा लेप व अहमदनगरची वैद्यकपरंपरा

१. जुनीं दप्तरें चाळतांना सनदा, महजर व वंशावळी यांच्या जोडीस औषधांचीं बाडेंही हटकून सांपडतात. संग्राहकाचा हात अर्थातच राजकीय कागदाकडे आधीं वळतो. औषधी पानें, आणि त्यांतही मुखावरील मुरुमासारख्या क्षुल्लक विकाराचीं, रद्दींत जातात. एका साध्या लेपाच्या पाठावरून ग्रंथपरंपरेचा माग कसा काढतां येतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. या विकारास शास्त्रांत ‘मुखदूषिका’, ‘यौवनपिडका’ किंवा ‘तारुण्यपिटिका’ अशीं नांवें आहेत. सुश्रुतानें निदानस्थानांत चव्वेचाळीस क्षुद्ररोग सांगितले, त्यांत हिची गणना केली आहे. कफ, वात व रक्त यांच्या योगें तरुणांच्या मुखावर शाल्मलीच्या कांट्यासारख्या पुळ्या येतात, असें तो म्हणतो. वाग्भटानें क्षुद्ररोगांची संख्या छत्तीसांवर आणली व या पिडकांच्या पोटांत मेद असतो, हें लक्षण नोंदलें. तारुण्यांत त्वचेंतील स्नेहग्रंथींचा स्राव वाढून रोमकूपांचीं तोंडें बुजतात, तेथें सूक्ष्मजंतु माजतात व दाह होतो, हें आजचें ज्ञान ध्यानीं घेतां वाग्भटाचें निरीक्षण सूक्ष्म होतें असें म्हणावें लागतें.

३. आतां लेप पाहूं. सुश्रुत प्रथम वमन सांगतो, व नंतर दोन लेप देतो: एक वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा, दुसरा धणे, वेखंड, लोध्र व कोष्ठ यांचा. वाग्भटाच्या पाठांत लोध्र, धणे व वेखंड एवढींच तीन द्रव्यें राहतात, कोष्ठ गळतें. त्यानें वडाच्या कोंवळ्या पालवीचा निराळा लेपही दिला असून, तेवढ्यानें न शमल्यास वमन, नस्य व कपाळावरील सिरावेध हे उपाय सांगितले आहेत. शार्ङ्गधरही तींच तीन द्रव्यें देतो, शिवाय गोरोचन व मिरीं यांचा एक योग सांगतो. तेव्हां एखाद्या बाडांत चार द्रव्यांचा पाठ आढळल्यास तो सुश्रुतपरंपरेचा, व तीन द्रव्यांचा आढळल्यास वाग्भट-शार्ङ्गधरपरंपरेचा, असा प्रथमदर्शनीं तर्क करण्यास हरकत नाहीं. मात्र कोष्ठ हें काश्मीरच्या उंच डोंगरांत होणारें द्रव्य. बाजारांत न मिळाल्यामुळेंही लेखकानें तें गाळलें असेल. म्हणून हा तर्क इतर पुराव्यावांचून सिद्धान्त समजूं नये.

४. येथें अहमदनगरचा संबंध येतो. इ. स. १४९४ मध्यें वसलेल्या या नगरांत (२०२४ पासून अहिल्यानगर) निजामशाहीच्या काळीं तीन वैद्यकप्रवाह एकत्र आले. संस्कृत परंपरा या प्रदेशांत पूर्वींपासून होती. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ टीका लिहिली होती. दुसरा प्रवाह फारसी. रुस्तुम जुर्जानी या हकिमानें निजामशाही आश्रयास राहून ‘झखीरा-इ-निजामशाही’ हा औषधिग्रंथ रचिला. आणि बालपणीं अहमदनगरास आलेला व १५८९ मध्यें विजापुरास गेलेला इतिहासकार फिरिश्ता यानें हिंदु वैद्यकावर ‘दस्तूर-उल्-अतिब्बा’ लिहिला. तिसरा प्रवाह पोर्तुगीज. १५३४ मध्यें गोव्यास उतरलेला वैद्य गार्सिया द ओर्ता हा बुऱ्हाण निजामशहावर (मृत्यु १५५३) उपचार करीत असे. त्याचे औषधिविषयक संवाद १५६३ मध्यें गोव्यास छापले गेले. त्यांत कोष्ठावर स्वतंत्र प्रकरण असून, गुजरातेंत त्यास ‘उपलोट’ व मलायांत ‘पुचो’ म्हणतात, असें तो लिहितो. ज्या द्रव्याच्या असण्यानसण्यावर वरील पाठभेद अवलंबून आहे, त्याच्या व्यापाराची अशी समकालीन साक्ष दरबारच्या एका वैद्याकडून मिळावी, हें संशोधकाचें भाग्यच होय.

५. दुसरें उदाहरण कांटेसांवरीचें. सुश्रुतानें सांवरीचा कांटा केवळ उपमेसाठीं घेतला. चक्रदत्तादि उत्तरकालीन संग्रहांत तोच कांटा दुधांत वाटून मुखास लावण्यास सांगितला आहे. ज्याची उपमा रोगास, त्याचाच लेप रोग्यास, असा हा क्रम दिसतो. उपमेवरून औषध सुचलें, कीं लोकांतील औषधावरून उपमा, हा प्रश्न मोकळाच ठेवणें बरें.

६. विसाव्या शतकांत ही परंपरा नगरांत संस्थारूप पावली. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांच्या प्रयत्नानें १९१७ मध्यें तेथें आयुर्वेद महाविद्यालय निघालें, व त्यांच्या औषधिगुणधर्मशास्त्रानें मराठींत द्रव्यविचाराची शिस्त घातली.

७. तथापि पाठ जुना म्हणून तो निर्धोक, असें मानणें धोक्याचें आहे. मुखलेपांत धणे-मसुरांसारखीं सौम्य द्रव्यें येतात, तशींच शिसें व पारा यांचीं द्रव्येंही अन्यत्र येतात. तीं विषारी आहेत. तिखट द्रव्यांनीं कोंवळी त्वचा पोळते व डाग राहतात. पुळ्या न फोडणें, मुख सौम्यपणें धुणें, तेलकट लेप टाळणें व विकार वाढल्यास तज्ज्ञाकडे जाणें, हाच आजचा मार्ग होय. आणि रोगाचें कारण टाळणें हीच चिकित्सा, हें सुश्रुताचें सूत्र त्याच्याशीं जुळतें. बाड छापणाऱ्यानें म्हणून विषारी द्रव्यापुढें टीप अवश्य द्यावी.

८. संग्राहकांस विनंति एवढीच कीं, औषधी पान हातीं येतांच तें मूळ रुमालापासून वेगळें करूं नये. रोगाचें नांव, द्रव्यें, तोळे-मासे, अनुपान, लिपि आणि कोणत्या गांवच्या कोणत्या रुमालांत तें मिळालें, इतकें तरी टिपून ठेवावें. नगर, नेवासें, संगमनेर, पैठण येथील बाडांचे पाठ अशा रीतीनें शेजारीं मांडले, म्हणजे कोष्ठ कोठें टिकलें व कोठें गळलें हें दिसेल, आणि कोणता ग्रंथ कोणत्या वाटेनें कोणत्या घरांत पोंचला, याचा निर्णय अनुमानावर न राहतां पुराव्यावर होईल.