हिंगण्याच्या झोपडीपासून समता संघापर्यंत

कर्वेनगरातून जाताना आमचे विद्यार्थी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव रोज वाचतात. कर्वे म्हणजे स्त्रीशिक्षण, एवढेच समीकरण त्यांच्या मनात असते. ते खरे आहे, पण अपुरे आहे.

१८९६ साली स्थापन झालेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावरील झोपडीत आला. सक्तीचे वैधव्य ही मुख्यत्वे उच्चवर्णीयांतील रूढी; त्यामुळे आश्रमाचे आरंभीचे वर्तुळही बहुतांशी त्याच समाजाचे राहिले. जोतीराव फुले यांनी १८५० च्या दशकाच्या आरंभीच पुण्यात अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली होती. हे लक्षात घेता कर्व्यांच्या कार्याची ही मर्यादा झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मात्र कर्वे तेथेच थांबले नाहीत. १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. खेड्यांतील प्रौढांची वाचनाची सवय टिकावी, यासाठीही ते झटले. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, जातिभेदाच्या निर्मूलनासाठी त्यांनी समता संघ उभारला.

त्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ चे; साहजिकच त्यात हा उत्तरार्ध येत नाही. आम्हीही वर्गात अनेक वर्षे कर्वे तेवढ्यापुरतेच शिकवले. आपल्या कार्याची कक्षा उतारवयात रुंदावणाऱ्या शिक्षकाला आम्ही त्याच्या पूर्वार्धातच कोंडून ठेवले. ही मर्यादा कर्व्यांची नव्हे, आमची.