एस्प्रेसो : एका नांवाचीं दोन पेयें

जालन्याच्या एखाद्या मंगल कार्यालयांत जेवणें आटोपलीं, कीं पाहुणेमंडळी कोपऱ्यांतील चकाकत्या यंत्राभोंवतीं जमतात. यंत्र फुसफुसतें, पेल्यांतील दूध फेसाळून वर येतें, त्यावर चॉकलेटची भुकटी पडते आणि या पेयास सर्वजण 'एस्प्रेसो' म्हणतात. ज्या घरांत जायफळ घातलेली गोड, दुधाळ कॉफी चालत आली, तेथील जिभेस तें परकें वाटलें नाहीं, यांत नवल नाहीं. परंतु इटलींत याच नांवानें मागणी केली, तर पुढें येतो दोन-तीन घोटांचा काळा अर्क! तो पाहून पाहुण्यास प्रथम फसवणुकीचा संशय येतो. मग एक घोट घेऊन तो तोंड वांकडें करतो आणि उरलेला अर्क तसाच टाकून देतो. दोष अर्काचा नव्हे, नांवाचा.

कॉफी हिंदुस्थानास जुनीच. जहांगीराच्या कारकीर्दींत, १६१६ सालीं, येथें आलेल्या एडवर्ड टेरी या इंग्रज धर्मोपदेशकानें काळ्या बियांच्या या काढ्याचें वर्णन करून ठेविलें आहे. पण काढा म्हटला कीं उकळणें आलें, आणि उकळण्यास वेळ लागतो. हा वेळ वांचविण्यासाठीं तुरीन शहरीं आंजेलो मोरिओंदो यानें १८८४ सालीं वाफेच्या यंत्राचें पेटंट घेतलें. मिलानच्या लुइजी बेझेरा यानें १९०१ सालीं एकेक पेला काढण्याची युक्ति साधली व देसिदेरिओ पाव्होनी यानें तें यंत्र बाजारांत आणलें. मात्र वाफेचा दाब बेताचा आणि उष्णता फार. त्यामुळें कॉफीस करपट चव येई. ती खोड दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जा याच्या तरफेच्या यंत्रानें मोडली. वातावरणाच्या सुमारें नऊपट दाबानें पाणी भुकटींतून जाऊं लागलें आणि पेल्यावर प्रथमच तपकिरी साय दिसूं लागली. ही साय दुधाची नव्हे. बियांतील तेल आणि भाजतांना त्यांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड यांची ती किमया. लग्नांतील यंत्रानें वाफ तेवढी ठेविली, दाब सोडून दिला!

खरा एस्प्रेसो पिण्याची रीत यांतूनच निघते. सुमारें सात ग्रॅम भुकटींतून पंचवीस-तीस सेकंदांत निघालेला हा अर्क थांबत नाहीं. साय मोडते, सुगंध उडतो. म्हणून पेला जाड व आधीं ऊन केलेला असावा. प्रथम पाण्याचा घोट घेऊन तोंड स्वच्छ करावें. मग चमच्यानें तळापर्यंत ढवळावें. कारण दाट गोडसर भाग खालीं बसतो आणि वरची साय एकटी कडूच लागते. साखर घालणें हा अपराध नव्हे. खुद्द इटलींत पुष्कळ लोक ती घालतात. घोट जिभेवर क्षणभर फिरवावा आणि दोन-तीन घोटांत पेला संपवावा. बशींत ओतून फुंकर घालणें चहास शोभतें. येथें त्यानें सुगंधच जावयाचा. इटालियन मनुष्य तर हें सारें गल्ल्याशेजारच्या फळीपाशीं उभ्याउभ्याच उरकतो.

लग्नांतील पेयास तुच्छ लेखण्याचें कारण नाहीं; फेस विरण्यापूर्वीं, थंडीच्या रात्रीं, तें गोडच लागतें. मात्र पुण्या-मुंबईच्या नव्या कॉफीगृहांत त्याची आठवण धरून कोणी एस्प्रेसो मागूं नये. त्याचा तेथील जवळचा नातेवाईक म्हणजे कापुचिनो.